रॉयल्टीमुक्त संगीत

रॉयल्टीमुक्त संगीत : चित्रपट, माहितीपट, जाहिराती आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींसाठी एकरकमी शुल्क किंवा वर्गणी भरून वापरता येणारे संगीत. प्रत्येक वापरामागे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. प्रताधिकार मात्र मूळ धारकाकडेच राहतो आणि परवान्यातील अटी वापरणाऱ्यावर बंधनकारक असतात.

हक्कांचे स्वरूप : कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना स्वतंत्र संरक्षण आहे. शब्द व चाल यांचे हक्क कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पिंपरीतील संत तुकाराम नगरच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात होणाऱ्या अभंगगायनाची चित्रफीत प्रसिद्ध करायची झाल्यास हा भेद कामी येतो. सतराव्या शतकातील तुकोबांचे शब्द सर्वांना खुले आहेत. अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल खुली नसते, शिवाय गायक-वादकांची संमतीही लागते. शब्दांचीही खातरजमा करावी लागते : प्रभातच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांना तुकोबांचेच वाटते, ते शांताराम आठवले यांचे आहे.

परवान्याच्या अटी : परवाना लेखी असावा लागतो. मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरता धरला जातो. यूट्यूबवरील चित्रफीत जगभर दिसते, म्हणून दोन्ही बाबी करारात स्पष्ट असाव्यात. क्रिएटिव्ह कॉमन्सचे बहुतेक परवाने विनाशुल्क असले तरी श्रेयनिर्देश मागतात. त्यांतील ‘अव्यावसायिक’ अटीचे संगीत चाकणच्या कारखान्याच्या जाहिरातपटाला चालत नाही. ‘फेरबदल नको’ अशी अट असलेले तर कोणत्याच चित्रफितीला लावता येत नाही, कारण दृश्याशी संगीताची सांगड घालणे हाच त्या परवान्यात फेरबदल मानला जातो.

रॉयल्टीचा उरलेला भाग : कॉपीराइट अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील गीत-संगीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास गीतकार व संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळतो. तो वारस किंवा प्रताधिकार संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. अशी वसुली १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते.

दावे : यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ध्वनी आपोआप ताडून पाहते. त्यामुळे रीतसर परवाना घेतलेल्या चित्रफितीवरही दावा येऊ शकतो. त्याला हरकत घेताना परवान्याची प्रत व पावती उपयोगी पडते.