"पोरं तालमीत येत नाहीत": एका तक्रारीचा संशोधन-प्रश्न कसा होतो?

खर्डा म्हटलं की इतिहासाचा विद्यार्थी लगेच 1795 म्हणतो. मराठे आणि निजाम यांची लढाई, विषय संपला. मीही मागच्या उन्हाळ्यात तिथं गेलो ते किल्ला बघायलाच. पण चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या वस्तादांशी गप्पा झाल्या आणि वहीत किल्ल्याऐवजी एक वाक्य उतरलं: "आता पोरं तालमीत येत नाहीत. सगळी क्रिकेट, नाहीतर मोबाइल."

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हे वाक्य फार मोहात पाडतं. 'महाराष्ट्रातील कुस्तीची घटती लोकप्रियता' हे शीर्षक झालंच म्हणून समजा. जरा थांबा. ही तक्रार आहे, अजून पुरावा नाही.

गंमत बघा. क्रिकेटचं माहेर असलेल्या इंग्लंडमध्ये हीच तक्रार क्रिकेटबद्दल चालते: पोरं आता क्रिकेट खेळत नाहीत. म्हणजे आपल्याकडे जो आरोपी, तोच तिकडे फिर्यादी! मग 'क्रिकेटनं कुस्ती मारली' एवढं म्हणून भागत नाही. तिकडच्या चर्चेत एक मुद्दा हमखास येतो. 2005 ची अॅशेस मालिका तिथल्या घराघरांत फुकट दिसली. 2006 पासून मायदेशातले कसोटी सामने थेट बघायला पैसे भरून घ्यायची वाहिनी लागू लागली. खेळ तोच राहिला, पण तो पोरांच्या नजरेसमोरून हलला. इथून आपल्याला पहिला धडा मिळतो: 'लोकप्रियता' हा एकच शब्द असला तरी त्यात तीन गोष्टी असतात. खेळणं, बघणं आणि पोसणं. तिन्ही वेगवेगळ्या तपासायच्या.

बघण्यापासून सुरुवात करू. 2025 मध्ये आपल्या एकाच जिल्ह्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाल्या. एक अहिल्यानगरला, दुसरी खर्ड्याच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात. संघटना दोन, गदा दोन, विजेतेही दोन: पृथ्वीराज मोहोळ आणि वेताळ शेळके. जो खेळ 'मेला' म्हणायचा, त्याच्या किताबासाठी दोन संघटना भांडतात कशाला? तेव्हा मानाच्या गदेचं आकर्षण टिकून आहे, हे आधी मान्य करावं लागतं.

आता पोसणं. इथं खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. 1952 ला हेलसिंकीला जाताना त्यांच्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. पैलवान तोच, आणि या वेळी कांस्यपदकही आणलं. बदलला तो आश्रयदाता. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये, खासबाग मैदान उभं राहिलं ते याच आश्रयावर. दूध, तूप, बदामाचा खुराक घरच्या पैशातून भागत नसेल, तर पोराची आवड कमी झाली म्हणायचं की ऐपत?

राहिलं खेळणं. त्यासाठी वस्तादांच्या वाक्यातला 'पोरं' हा शब्द उघडून बघायला हवा. त्यांच्या मनात फक्त मुलगे होते. पण 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मोजणीत मुली धरल्या तर आलेख तोच राहील का? दुसरं, जामखेड, पाथर्डी, आष्टी या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जे पोरगं सहा महिने गावातच नाही, ते तालमीत दिसणार कसं? त्याला 'मोबाइलवेडं' ठरवणं हा अन्यायच.

म्हणून मी वस्तादांना प्रश्न बदलून विचारला: "तुमच्याबरोबर माती अंगाला लावलेले कोण कोण? आणि त्यांची पोरं आज कुठं आहेत?" आता ते बोटं मोजायला लागले. एकाचा मुलगा पोलिसात, दुसऱ्याचा भरतीसाठी रोज पहाटे पळतोय, तिसऱ्याचा फडावर. चौथ्यापाशी ते अडखळले. "त्याला लई हौस होती," एवढंच म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

ही एका माणसाची आठवण आहे, तिच्यावरून महाराष्ट्राचा निष्कर्ष काढायचा नाही. पण आठवणीतून प्रश्न मिळतो. वर्तमानपत्रात गदा उचलणाऱ्याचं नाव छापून येतं. लंगोट खुंटीला टांगून निघून गेलेल्याचं येत नाही. त्याचा माग काढायचा तर तालमीचे जमाखर्च, यात्रेतल्या इनामांच्या याद्या, शाळांची हजेरीपत्रकं आणि अशा मुलाखती एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतील.

माझ्या टिपणवहीत आता 'कुस्तीची लोकप्रियता का घटली?' हा प्रश्न खोडलेला आहे. त्याखाली लिहिलंय: 'तालीम कोणाची सुटली, कधी सुटली आणि कशामुळे?' तुमच्या विषयातही 'घटली', 'संपली', 'लोपली' असं क्रियापद असेल, तर आधी त्याचा कर्ता शोधा.