भिंत कुणासाठी चालली?

दिघीहून बोलतोय. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती आमच्याच रस्त्याने. लहानपणी पालखीची वाट बघताना आजीने चांगदेवांची गोष्ट सांगितली होती. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक. आणि ही चार भावंडं बसल्या भिंतीलाच चालवत त्याला भेटायला निघाली! ती भिंत आळंदीत आजही दाखवतात.

आता इतिहासाकडे येऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. समाधी १२९६ची. भिंत चालल्याचा पुरावा नाही, पण ‘चांगदेव पासष्टी’ आहे. परंपरा सांगते, चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं आणि त्याचं उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी या ६५ ओव्या लिहिल्या. त्यात वाघ नाही, भिंत नाही. पाहणारा आणि दिसणारं जग वेगळं नाही, एवढंच समजावलंय. पुढे चांगदेव कुणाचे शिष्य झाले? धाकट्या मुक्ताईचे! मला वाटतं, खरा चमत्कार हाच. सिद्धीचा ताठा एका पोरीपुढे वाकला. आणि यात कुणी कुणाकडून दमडी घेतली नाही.

ढोंगी तेव्हाही होतेच. इथून जवळच्या देहूत तुकोबांनी भोंदू साधूंना अभंगांतून झोडपलं.

आता आपल्या काळात या. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती ‘दूध प्यायला’. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी आला. चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळले तर सहा महिने ते सात वर्षं कैद.

हे सगळं का सांगतोय? माझ्या मावशीने एका बाबाच्या अंगाऱ्यावर विश्वास ठेवून शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. पाय वाचला, पण दोन बोटं गेली. तिला हसायची माझी हिंमत झाली नाही. ती मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. बाबाने तीच भीती विकली.

मावशी आजही वारीला जाते. पिशवीत गोळ्या असतात. माउलींची गोष्ट तीही सांगते, फक्त आता शेवटी म्हणते, “भिंत चालली ती कुणाचा ताठा उतरवायला, कुणाचा खिसा कापायला नाही रे.”

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!