देणगीआधी वाचावे असे विवरणपत्र : अमेरिकेतील ना-नफा संस्थांची पारख

अमेरिकेच्या करकायद्यातील कलम ५०१(सी)(३) अन्वये मान्यता मिळालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करवजावट मागता येते. ही वजावट म्हणजे सरकारने सोडून दिलेला महसूल होय. त्या बदल्यात संस्थेने आपला कारभार जनतेपुढे उघडा ठेवावा, अशी कायद्याची अपेक्षा असते. येथील अनेक महाराष्ट्र मंडळे, मराठी शाळा आणि महाराष्ट्रातील कामांसाठी निधी उभारणाऱ्या संस्था याच कलमाखाली नोंदलेल्या आहेत. देणगी मात्र बहुधा ओळखीवर दिली जाते. कार्यक्रमाच्या मध्यंतरात आवाहन होते, व्यासपीठावरची व्यक्ती परिचयाची असते आणि धनादेश लिहिला जातो. त्या व्यक्तीचा प्रामाणिकपणा ही एक बाब झाली. संस्थेचा कारभार ही दुसरी, आणि तिची तपासणी कोणालाही घरबसल्या करता येते.

या तपासणीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे केंद्रीय महसूल खात्याकडे, अर्थात आयआरएसकडे, दरवर्षी सादर होणारा ‘फॉर्म ९९०’. वार्षिक जमा सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर संस्थेला ‘९९०-एन’ हे ई-पोस्टकार्ड पुरते. जमा दोन लाखांहून आणि मालमत्ता पाच लाखांहून कमी असेल तर ‘९९०-ईझेड’ हे छोटे विवरणपत्र चालते. त्यापुढे पूर्ण फॉर्म भरावा लागतो. खाजगी प्रतिष्ठानांचा फॉर्म ‘९९०-पीएफ’ वेगळा असतो. चर्च आणि कायद्याने त्या व्याख्येत बसणारी अन्य प्रार्थनास्थळे यांना विवरणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे एखाद्या मंदिराचा फॉर्म सापडला नाही, एवढ्यावरून संशय घेणे योग्य नव्हे. सलग तीन वर्षे विवरणपत्र न भरणाऱ्या संस्थेची करमाफी आपोआप रद्द होते. महसूल खात्याच्या संकेतस्थळावरील करमुक्त संस्थांच्या शोधसुविधेत ते पाहता येते. पूर्ण फॉर्म ‘प्रोपब्लिका’च्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर किंवा ‘कँडिड’च्या संग्रहात विनामूल्य मिळतात.

लहान मंडळांच्या बाबतीत एक अडचण असते. ई-पोस्टकार्डात नाव, पत्ता, एका पदाधिकाऱ्याचे नाव आणि जमा मर्यादेत असल्याची कबुली याखेरीज फारसे काही नसते. म्हणजे ज्या मंडळाला वर्गणी देणाऱ्यांची संख्या शेकड्यांत असते, त्याच्या खर्चाविषयी सरकारी कागद जवळजवळ मूक असतो. तेथे घटना, वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि खजिनदाराचा लेखी अहवाल हीच साधने उरतात. जमाखर्च तोंडी वाचून दाखवून टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेण्याची प्रथा सोयीची असली तरी तिला हिशेब म्हणता येत नाही. बँकेच्या व्यवहारांवर दोन सह्या लागतात काय, खजिनदार आणि हिशेबतपासनीस एकाच घरातले आहेत काय, वास्तूनिधी चालू खात्यात मिसळला आहे काय, हे तीन प्रश्न अशा सभेत विचारणे अशिष्ट मानण्याचे कारण नाही.

टक्केवारीचा मोह

पूर्ण फॉर्म हाती आला की वाचक सहसा नवव्या भागाकडे वळतो. तेथे खर्च तीन स्तंभांत विभागलेला असतो : प्रत्यक्ष कार्य, प्रशासन आणि निधिसंकलन. पहिल्या स्तंभाचे एकूण खर्चाशी प्रमाण काढले की संस्था ‘चांगली’ की ‘वाईट’ ठरली, असा समज रूढ आहे. हे प्रमाण ६५ टक्क्यांहून कमी नसावे, असा दंडक ‘बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स’ने दीर्घकाळ सांगितला. पण २०१३ मध्ये याच संस्थेच्या, तसेच गाइडस्टार आणि चॅरिटी नॅव्हिगेटर या मूल्यांकन संस्थांच्या प्रमुखांनी संयुक्त खुले पत्र काढून, केवळ प्रशासकीय खर्चावरून संस्था जोखू नका, असे देणगीदारांना बजावले. चांगला हिशेबनीस, सुरक्षित संगणकप्रणाली, लेखापरीक्षण या सर्वांना पैसा लागतो आणि तो प्रशासनाच्याच स्तंभात पडतो.

शिवाय हा आकडा फुगवता येतो. मे २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि सर्व ५० राज्यांनी ‘कॅन्सर फंड ऑफ अमेरिका’ आणि तिच्याशी संबंधित तीन संस्थांविरुद्ध दावा दाखल केला. दाव्यानुसार २००८ ते २०१२ या काळात या चौघींनी १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केले आणि त्यांतील सुमारे तीन टक्केच रुग्णांपर्यंत पोहोचले. बाकीचे धंदेवाईक निधिसंकलक आणि संस्थाचालकांचे नातलग यांच्याकडे गेले. ही स्थिती विवरणपत्रात का दिसली नाही, हा खरा प्रश्न. परदेशी पाठवलेल्या वस्तुरूप देणग्या आपल्या म्हणून दाखवून त्यांचे २२ कोटी ३० लाख डॉलर मूल्य हिशेबात धरले गेले, असा आरोप होता. त्यामुळे एकूण कार्य मोठे आणि प्रशासकीय खर्च लहान दिसला. म्हणून वस्तुरूप देणग्यांचा आकडा रोख देणग्यांच्या मानाने अवाढव्य असेल तर प्रमाण काढण्याआधी तो बाजूला करावा आणि ‘शेड्यूल एम’ उघडून त्या वस्तूंचे मूल्य कोणत्या पद्धतीने ठरवले, ते पाहावे. धंदेवाईक संकलक नेमले असतील तर ‘शेड्यूल जी’मध्ये त्यांनी जमवलेली आणि स्वतःकडे ठेवलेली रक्कम शेजारी शेजारी दिलेली असते.

नाही म्हणणारा कोण

आकड्यांपेक्षा अधिक बोलका असतो तो सहावा भाग. २००८ च्या फेररचनेत आलेल्या या भागात कारभाराविषयी प्रश्न आहेत. मताधिकार असलेले संचालक किती आणि त्यांतील स्वतंत्र किती? पदाधिकाऱ्यांत कौटुंबिक वा व्यावसायिक नाते आहे काय? बैठकींची इतिवृत्ते वेळीच लिहिली जातात काय? हा फॉर्म सादर करण्यापूर्वी सर्व संचालकांना दाखवला काय? हितसंबंधांचा संघर्ष टाळण्याचे आणि गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देण्याचे लेखी धोरण आहे काय? अशी धोरणे करकायद्याने सक्तीची नाहीत, हे फॉर्मच सांगतो. तरीही ‘नाही’ या उत्तरांची रांग दिसली तर देणगीदाराने थांबावे. याच भागातील पाचवा प्रश्न सर्वांत टोकदार आहे : वर्षभरात मालमत्तेची मोठी अफरातफर उघडकीस आली काय? उत्तर ‘होय’ असेल तर त्याचा खुलासा ‘शेड्यूल ओ’मध्ये द्यावाच लागतो.

स्वतंत्र संचालकांचे महत्त्व ‘युनायटेड वे ऑफ अमेरिका’च्या प्रकरणाने पटवले. विल्यम ॲरामोनी यांनी दोन दशकांहून अधिक काळ या मातब्बर संस्थेचे नेतृत्व केले. त्यांच्या संचालक मंडळात उद्योगजगतातील बडी नावे होती. तरीही उधळपट्टीची वृत्ते छापून आल्यावरच, १९९२ मध्ये, त्यांना जावे लागले. १९९५ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत ते दोषी ठरले आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लेटरहेडवरची नावे मोठी असणे आणि त्या नावांनी प्रश्न विचारणे यांतील अंतर एवढे असते.

सातव्या भागात पदाधिकाऱ्यांचे वेतन आणि ‘शेड्यूल एल’मध्ये त्यांच्याशी वा त्यांच्या कुटुंबीयांशी झालेले व्यवहार असतात. अध्यक्षांच्या मेहुण्याकडून सभागृह भाड्याने घेणे हा मुळात गुन्हा नाही. बाजारभाव तपासून, अध्यक्षांना निर्णयाबाहेर ठेवून आणि इतिवृत्तात नोंद करून ते घेता येते. मात्र वाजवीपेक्षा अधिक लाभ दिल्याचे सिद्ध झाले तर लाभ घेणाऱ्यावर त्या जादा रकमेच्या २५ टक्के, आणि ती परत न केल्यास २०० टक्के कर बसतो.

पैसा महाराष्ट्रात जातो तेव्हा

महाराष्ट्रातील न्यासाला थेट पाठवलेल्या देणगीवर सहसा अमेरिकेत वजावट मिळत नाही. म्हणून ती येथील संस्थेमार्फत जाते. अशा संस्थेने केवळ टपालपेटी न होता त्या पैशावर स्वतःचे नियंत्रण ठेवणे कायद्याला अभिप्रेत आहे. परदेशी खर्च १०,००० डॉलरहून अधिक असेल तर ‘शेड्यूल एफ’ भरावे लागते. पण त्यात भारताऐवजी ‘दक्षिण आशिया’ असा प्रदेश येतो आणि पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेचे नाव येत नाही. ते नाव संस्थेकडूनच मागून घ्यावे.

पुढचा टप्पा भारतात तपासता येतो. अमेरिकी संस्थेची रक्कम परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि तिच्यातून प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च चालत नाही. त्यामुळे ‘आम्ही एका न्यासाला देतो, तो पुढे दहा गावांतील संस्थांना वाटतो’ असे उत्तर मिळाले तर ती योजना आज बेकायदेशीर ठरण्याचा संभव आहे. याखेरीज राज्यातील सार्वजनिक न्यासाची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते.

येथील संस्थेकडे तिची शेवटची तीन विवरणपत्रे आणि करमाफीचा मूळ अर्ज मागण्याचा अधिकार कोणालाही आहे. त्यासाठी सभासद असावे लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. ती संकेतस्थळावर आधीच ठेवलेली नसतील, तर कार्यालयात जाऊन मागितल्यास सहसा त्याच दिवशी आणि लेखी मागणीवर ३० दिवसांत प्रत द्यावी लागते. छपाईचा आणि टपालाचा वाजवी खर्च घेता येतो. देणगीदारांची नावे झाकता येतात, बाकी नाही. टाळाटाळ करणाऱ्यास दिवसागणिक दंड होऊ शकतो, आणि तक्रारीसाठी महसूल खात्याचा ‘फॉर्म १३९०९’ आहे.