पाचबत्ती

उत्तनच्या वस्तीतून बंदराकडे चालत गेलं की वाटेत क्रूस भेटतात. कुणी समोर मेणबत्ती लावतं, कुणी जाता जाता कपाळाला हात लावून पुढे जातं. आठवण रस्त्यावर ठेवायची असते, म्हणजे ती रोज आडवी येते, हे या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. पण ज्या आठवणीला देवाचा आधार नाही, ती रस्त्यावर कशी टिकते? हे पाहायचं तर भाईंदरला गाडी पकडून विरार, सफाळे, केळवे रोड मागे टाकत पालघरला उतरावं.

पालघरच्या भर वस्तीत हुतात्मा चौक आहे, तिथे स्तंभ आहे. बोलण्यात मात्र लोक त्या जागेला ‘पाचबत्ती’ म्हणतात. पाच बत्त्या आणि पाच हुतात्मे. रिक्षात बसताना ‘पाचबत्ती’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. वरून आदेश देणारं कुणी उरलं नाही. पुढचं गावांनी आपलं आपण ठरवलं. १४ ऑगस्टला आसपासच्या गावांतले लोक मोर्चाने पालघरच्या कचेरीकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी.

ही नावं गावांसकट वाचावीत. सातपाटी आणि मुरबे समुद्राला लागून आहेत. सातपाटीला होड्या लागतात, जाळी सुकतात, पापलेटाचा भाव होतो. उत्तनच्या माणसाला तिथे काही परकं वाटणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात ‘बेचाळीसचं आंदोलन’ म्हटलं की मुंबईचं मैदान आणि मोठे पुढारी डोळ्यांसमोर येतात. ही पाच नावं मात्र सांगतात, की ते आंदोलन बंदरांवरून आणि वाड्यांमधूनही चालत आलं होतं.

आता त्याच आठवड्यातली दुसरी एक गोष्ट. १५ ऑगस्ट १९४२, म्हणजे पालघरच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये गोइर्ले गावाजवळच्या रानात पाच ओलिसांना गोळ्या घालण्यात आल्या. रॉटरडॅममध्ये रेल्वे उडवण्याचा एक प्रयत्न फसला होता आणि करणारे सापडले नव्हते. त्याचा सूड म्हणून आधीच कैदेत ठेवलेल्या नामांकित माणसांतून हे पाच निवडले गेले. त्या रानात आज त्यांचं स्मारक आहे.

डच लोकांनी आपल्या मृतांना गल्लीबोळांत जागा दिली. गावोगावी प्रतिकार चळवळीतल्या माणसांच्या नावाचे रस्ते आहेत आणि कितीतरी ठिकाणी पाटीवर नावाखाली एक छोटी ओळ असते: कोण होता, कधी जन्मला, कधी गेला. हानी शाफ्ट ही हार्लेमची तरुणी १७ एप्रिल १९४५ रोजी, हॉलंडमधला जर्मन अंमल संपायला तीन आठवडेही उरले नसताना, वाळूच्या टेकड्यांत मारली गेली. हार्लेमच्या बागेत तिच्या स्मरणार्थ १९८२ साली जो पुतळा उभा राहिला, तो तिच्याच बरोबरीने लढलेल्या ट्रूस मेंगरने घडवला. दर ४ मे रोजी रात्री आठ वाजता तिथे देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात.

पण तुलना इथेच थांबवली तर ती खोटी होईल. गोइर्लेला गोळ्या झाडणारे हिटलरचे लोक होते. पालघरला गोळ्या झाडणारे ज्या साम्राज्याच्या हुकमाखाली होते, ते साम्राज्य त्याच वेळी हिटलरशी लढत होतं. त्यामुळे महायुद्धाचा इतिहास सांगताना गोइर्ले आत येतं आणि पालघर सहसा बाहेर राहतं. शिवाय स्वतःच्या गुलामीविरुद्ध लढलेल्यांचे रस्ते करणाऱ्या त्याच हॉलंडने १९४५ नंतर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध फौजा पाठवल्या आणि १९४९ पर्यंत युद्ध केलं. स्मारक उभारलं म्हणून त्यातला धडा आपोआप उमगतोच असं नाही.

आपलंही तसंच आहे. मुंबईत हुतात्मा चौकाचं स्मारक उभं राहिलं. तिथून रोज हजारो माणसं ऑफिसला जातात. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ की १०७ जण गेले, या आकड्यावर वाद घालणारे भेटतील. त्यांतली पाच नावं सांगा म्हटलं तर बहुतेक जण गप्प होतील. ‘हुतात्मा’ हा शब्द फार मोठा आहे, त्यात सगळे मावतात आणि एकेकटा माणूस दिसेनासा होतो. पाचबत्तीचंही तेच झालं. लोकांच्या जिभेवर पाच हा आकडा राहिला आणि पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे, तिवारी मागे पडले.

तरी पालघरने एक गोष्ट सोडलेली नाही. १४ ऑगस्टला दुपारी, गोळीबाराच्या वेळेला, लोक चौकात जमतात, रहदारी थांबते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडावंदन असतं. पालघरचा दिवस त्याच्या आदल्या दिवशीच येतो.

रस्त्यावरच्या स्मारकाला बहुधा एवढंच हवं असतं: वर्षातून एकदा रस्त्याने थांबावं आणि नावं मोठ्याने वाचली जावीत. उरलेल्या दिवसांसाठी पाटीवर एक ओळ पुरेल. चौकाला ‘हुतात्मा’ म्हणताना खाली पाच नावं आणि पाच गावं दिसली, तर रिक्षाची वाट पाहणारा एखादा मुलगा ती वाचेल. तो सातपाटीचा असेल तर घरी जाऊन विचारेल, हे पागधरे आपल्यातलेच का?