जठराच्या गाठीला फुटणारे रक्ताचे फाटे

१९६०च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाला लांबच्या सफरीत टिकेल असा रक्ताचा पर्याय हवा होता. बेथेस्डाच्या नौदल वैद्यकीय केंद्रात ज्यूडा फोकमन हे तरुण सर्जन आणि फ्रेडरिक बेकर या कामाला लागले. हिमोग्लोबिनचं द्रावण त्यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या थायरॉईड ग्रंथींतून खेळवलं आणि त्यांत कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या की वाढ खुंटायची. त्याच गाठी उंदरांच्या अंगात घातल्या की भराभर फोफावायच्या. उंदरात गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या. बाहेर ठेवलेल्या ग्रंथीत फुटत नव्हत्या.

यावरून फोकमन यांनी १९७१ साली मांडणी केली, की गाठ एक द्रव्य सोडते, त्यानं शेजारच्या वाहिन्यांना कोंब फुटतात आणि ते रोखलं तर गाठ उपाशी राहील. कित्येक वर्षं त्यांना फारसं कुणी जुमानलं नाही. ते द्रव्य हाती यायला १९८९ उजाडलं. नेपोलियोने फेरारा यांनी जेनेन्टेक कंपनीत ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळं केलं. वाहिन्या पाझरायला लावणारं जे प्रथिन बोस्टनमध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांनी १९८३ साली नोंदवलं होतं, तेच हे. त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालं.

जठरातही गाठ मोठी होऊ लागली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही आणि त्या व्हीईजीएफ सोडू लागतात. त्यामुळे घाईत फुटलेल्या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. कर्करोगाच्या पेशी त्यांत सहज शिरतात. जठराचं अशुद्ध रक्त द्वारशिरेवाटे (पोर्टल व्हेन) थेट यकृतात जातं, म्हणून जठराचा कर्करोग यकृतात वारंवार पसरलेला सापडतो.

मग बेव्हॅसिझुमॅब इथेही चालायला हवं होतं. २०११ साली ७७४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: केमोथेरपीला बेव्हॅसिझुमॅबची जोड दिली तेव्हा आयुष्याचा मध्यक १२.१ महिने, न दिली तेव्हा १०.१. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २०१४ साली रॅम्युसिरुमॅब आलं. ते व्हीईजीएफऐवजी वाहिनीच्या पेशीवरचं त्याचं ग्राहक-प्रथिनच अडवतं. पहिली केमोथेरपी निष्फळ ठरलेल्या रुग्णांत पॅक्लिटॅक्सेलसोबत ते दिल्यावर आयुष्य ७.४ महिन्यांवरून ९.६ महिन्यांवर गेलं. हे दोन महिने मी क्षुल्लक मानत नाही. ज्या घरात हा रोग आहे, तिथे दोन महिन्यांत पुष्कळ काही राहून गेलेलं करता येतं. पण फोकमन यांनी पाहिलेलं स्वप्न याहून मोठं होतं. २००८ साली त्यांचं निधन झालं तेव्हा ते अपुरंच होतं.

मला या इतिहासातली सर्वांत मोलाची शाखा वेगळीच वाटते. जपानी डॉक्टरांनी गाठीच्या वाहिन्या तोडण्याआधी त्या पाहायला सुरुवात केली. एन्डोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, साध्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी निवडक निळा-हिरवा प्रकाश सोडला, की रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं आणि बारीक वाहिन्या गडद उठून दिसतात. निरोगी अस्तरावर त्यांचं जाळं एकसारखं असतं. कर्करोगाच्या चट्ट्यावर ते विस्कटतं, कुठे जाड, कुठे तुटक, आणि निरोगी भागापासून एक स्पष्ट सीमारेषा दिसते. अस्तरापुरता मर्यादित असलेला असा चट्टा दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो, पोट न उघडता. जपानमध्ये अशा रुग्णांतले नव्वद टक्क्यांहून जास्त पाच वर्षांनंतरही हयात असतात. वाहिन्यांवर औषधाचा घाव घालून महिने मिळाले. त्या वेळीच ओळखल्या तर वर्षं मिळतात.

आपल्याकडे बहुतेक रुग्ण येतात ते उशिरा. पोटात जळजळ, थोडं खाल्लं की पोट भरणं, भूक मंदावणं, याला पित्त म्हणायचं आणि दुकानातून गोळ्या आणायच्या. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाच्या जखमेचाही त्रास काही काळ शमतो, त्यामुळे फसायला होतं. म्हणून पन्नाशीच्या पुढे अपचन नव्यानं सुरू झालं असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघत असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या.