क्रॉफर्डसाहेबाची उधारी

टेमघरमधून बोलतोय, त्यामुळे मागे लूमचा खडखडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या. आमच्या भिवंडीत उधारी कुणाला नवीन नाही, इथे सूतसुद्धा उधारीवरच उचललं जातं. पण माणसाची खासगी उधारी त्याची सरकारी खुर्ची कशी खाते, ते आज बघू. त्यासाठी थेट १८८८ च्या पुण्यात जायचंय.

क्रॉफर्ड मार्केट माहितीये ना? म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. ज्याच्या नावावरून ते नाव पडलं तो आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर होता, १८६५ पासून. कामाचा माणूस, पण हात सैल. शहर सुधारताना त्याने इतका पैसा उडवला की करदात्यांनी ओरड केली आणि १८७१ मध्ये त्याला ते पद सोडावं लागलं. स्वतःच्या खिशाचंही तेच. साहेब कायम कर्जात.

तरीही तो वर चढत गेला आणि १८८८ मध्ये पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर होता. आता हे नीट ऐका. कमिशनरच्या हाताखाली मामलेदार असायचे. मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार समजा. त्यांची बढती, बदली, नेमणूक, सगळं या साहेबाच्या शब्दावर. आणि साहेबाला तर पैशांची गरज!

आरोप असा होता, की हणमंतराव जहागीरदार नावाच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे जात होते. कुणी चांगल्या जागेसाठी दिले, कुणी आहे ती जागा टिकवायला. लॉर्ड रे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारने चौकशी आयोग नेमला. हणमंतरावावर वेगळा खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. पण आयोगाने क्रॉफर्डला लाचखोरीच्या आरोपातून सोडलं!

मग अडकला कशात? उधारीत. आपल्या अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्ज घ्यायचं नाही हा नियम होता, आणि तो त्याने मोडला होता. तेवढ्यावर नोकरी गेली.

मला यातला पेच फार आवडतो. हाताखालच्या माणसाकडून घेतलेलं आणि कधीच न फेडलेलं कर्ज, त्याला कर्ज म्हणायचं की लाच? कोर्टात लाच सिद्ध करायला हेतू दाखवावा लागतो. कर्ज मात्र नुसतं कागदावर दिसतं. म्हणून नियम हेतूच्या भानगडीत पडत नाही. तो सांगतो, ज्याच्यावर तुझी सत्ता चालते त्याचा तू देणेकरी होऊच नकोस.

यात खरे भरडले गेले ते मामलेदार. साक्ष द्या, तुम्हाला काही होणार नाही, असं सरकारने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पैसे दिल्याचं कबूल केलं, आणि मग सूर बदलला. लाच देऊन जागा मिळवणारा माणूस मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत कसा राहील, असा प्रश्न निघाला. १८८९ मध्ये खास कायदा करून त्यांना खटल्यांपासून वाचवलं, पण काहींची नोकरी गेलीच. टिळक त्यांच्या बाजूने पुण्याच्या सभेत उभे राहिले. सरकारने दिलेला शब्द पाळायचा की नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

आता पुढे या. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीचे १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, त्यातला नियम १७ याच गोष्टीवर आहे. सतत कर्जबाजारी राहायचं नाही, आणि कर्जवसुलीचा दावा लागला तर लगेच सरकारला कळवायचं. कोर्टाने नादार ठरवलेला माणूस, जोवर त्यातून मोकळा होत नाही, तोवर आमदार-खासदारही होऊ शकत नाही. ते तर थेट राज्यघटनेत आहे.

अमेरिकेत गुप्त कागदपत्रं हाताळायला सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. त्यात थकलेली देणी तपासली जातात, कारण कर्जात बुडालेला माणूस विकत घेणं सोपं. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये पैशांच्या अडचणीत असतानाच सोव्हिएत दूतावासात गेला होता. पकडला गेला १९९४ मध्ये.

आणि आपण? आपल्यामागे सिबिल आहे, ३०० ते ९०० चा आकडा. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक खराब क्रेडिट रेकॉर्डमुळे रद्द केली, आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. कर्ज फेडून टाकलंय, हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, असं कोर्टाचं मत.

इथे मी थोडा अडखळतो. क्रॉफर्डकडे सत्ता होती, म्हणून त्याचं कर्ज धोक्याचं होतं. नोकरी शोधणाऱ्या पोराकडे कसली सत्ता? घरच्या आजारपणासाठी ॲपवरून घेतलेलं कर्ज आणि मामलेदाराकडून उकळलेलं कर्ज, आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. एकदा फिल्टर लावला की कारण कोण विचारतो!

तुमचा रिपोर्ट मात्र बघून घ्या. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रारही करता येते.

क्रॉफर्डचं पुढे काय झालं विचाराल, तर साहेब पुस्तकं लिहीत बसला. १८९७ मध्ये पुण्यातल्या गडबडींवर त्याचं एक पुस्तक निघालं. मार्केटला लोक अजून त्याच्याच नावाने ओळखतात, आणि त्या मामलेदारांची नावं मात्र विचारून बघा कुणाला.