मठातील बीअर आणि मापाचा धडा

घरी बीअर तयार करू पाहणारा नवशिका लंडनचा असो वा शिकागोचा, त्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात. बीअर आंबट का झाली? ती बाटलीत केव्हा भरावी? आणि बाटली फुटू नये म्हणून साखर किती घालावी? इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने तशी मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा प्रस्तुत लेखाचा हेतू कृती सांगण्याचा नसून इतिहास सांगण्याचा आहे. कारण या तीनही प्रश्नांची उत्तरे शोधण्यात ख्रिस्ती मठांचा मोठा वाटा आहे. "मठवासी बीअर करीत, मग आम्हीच का नको?" असा युक्तिवाद आपल्या लग्नसमारंभांत विनोदाने केला जातो. तो कितपत खरा, हेही यातून कळेल.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमावलीच्या ४० व्या प्रकरणात प्रत्येक मठवाशास दररोज द्राक्षारसाचे एक माप ठरवून दिले. तेही काहीशा नाखुशीने आणि अतिरेक टाळण्याची ताकीद देऊन. उत्तर युरोपात द्राक्षापेक्षा सातू अधिक पिकतो. म्हणून तेथील मठांत द्राक्षारसाची जागा बीअरने घेतली. सुमारे ८२० ते ८३० या काळात काढलेला एका आदर्श मठाचा नकाशा स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथील ग्रंथालयात आजही जतन केलेला आहे. त्यात मठवासी, पाहुणे आणि गरीब यात्रेकरू यांच्यासाठी बीअर तयार करण्याच्या तीन स्वतंत्र जागा दाखविल्या आहेत.

बीअरची रीत थोडक्यात अशी : सातूला मोड आणून तो वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड अर्क काढतात. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळून निववितात आणि यीस्ट घालून आंबवितात. फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या ८२२ च्या नियमांत हॉप्सचा उल्लेख आढळतो. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्सचा कडूपणा पेय टिकवितो, अशी नोंद केली. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ज्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले, त्याच या धर्मभगिनी.

तरीही बीअर आंबट होतच असे. १५१६ साली बव्हेरियात निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात सातू, हॉप्स आणि पाणी हे तीनच घटक सांगितले आहेत. यीस्टचे नाव त्यात नाही. १८७६ साली लुई पाश्चर यांनी बीअरवरील ग्रंथात दाखवून दिले, की यीस्ट हा सजीव आहे आणि बीअर नासते ती इतर सूक्ष्मजीवांमुळे. १८८३ साली कोपनहेगन येथे एमिल हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे एका शब्दात सामावते : स्वच्छता. अर्क निवल्यानंतर त्याला स्पर्श करणारे प्रत्येक भांडे, नळी आणि बूच निर्जंतुक असावे लागते.

दुसऱ्या प्रश्नासंबंधी एक गमतीदार कथा आहे. अलेक्झांडर नोवेल हे सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. राणी मेरीच्या कारकिर्दीत त्यांना इंग्लंडमधून पळून जावे लागले. नदीकाठी मासे पकडताना गवतात राहिलेली त्यांची बीअरची बाटली पुढे सापडली आणि उघडताच बंदुकीसारखा बार झाला, असे थॉमस फुलर यांच्या १६६२ च्या ग्रंथात आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील शास्त्र खरे आहे. यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. बूच घट्ट असेल तर तो वायू बाटलीतच कोंडला जातो. म्हणून आंबण्याची क्रिया पुरती थांबल्याशिवाय बाटली भरू नये. दुधाचा कस पाहणाऱ्या लॅक्टोमीटरच्या जातीचेच हायड्रोमीटर नावाचे उपकरण असते. लागोपाठ दोन-तीन दिवस त्याचा आकडा बदलला नाही, की वेळ झाली असे समजावे.

अशी बीअर बाटलीत फेसाळत नाही. म्हणून भरतेवेळी थोडी साखर घालतात. सर्वसाधारणपणे एका लिटरला सहा-सात ग्रॅम पुरते. त्यानंतर सुमारे २० अंश तापमानात दोन आठवडे थांबावे लागते. साखर दुप्पट केली तर काच फुटून इजा होऊ शकते. बेल्जियममधील वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठ १८३६ पासून बीअर करीत आहे, आणि तेथेही बीअर बाटलीत पुन्हा आंबविली जाते. १९९७ साली ट्रॅपिस्ट मठांनी स्थापन केलेल्या संघटनेचे नियम असे : बीअर मठाच्या परिसरात व्हावी, तिच्यावर मठवाशांची देखरेख असावी, आणि मिळकत मठाच्या गरजा व परोपकार यांसाठीच वापरली जावी.

वेस्टमालची बाहेर विकली जाणारी 'ट्रिपल' बीअर ९.५ टक्के मद्यार्काची आहे. मुळात मठवाशांच्या जेवणासाठी तयार केली जाणारी 'एक्स्ट्रा' मात्र ४.८ टक्क्यांची आहे. लग्नमंडपातील युक्तिवाद करणाऱ्यांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. मठांनी बीअर केली हे सत्यच आहे. पण बेनेडिक्टांच्या नियमावलीपासून आजच्या ट्रॅपिस्टांपर्यंत तिच्यासोबत सतत माप होते, श्रम होते आणि वाट पाहणे होते. ज्या घरात बापाच्या पेल्याला माप उरलेले नाही, तेथील पत्नीला आणि मुलांना मठांचा दाखला देऊन कोणाचेही समाधान होणार नाही.